पेटीत न घातलेले कार्ड

मी, सुनीती यशवंत खोपकर, वय वर्षे बासष्ट, अविवाहित, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार कासार आळी, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शाईने आणि कोणीही डोक्यावर उभे नसताना लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे सांगता येत नाही. त्याच्या तीन वाहिन्या तुंबल्या असून येत्या मंगळवारी ठाण्याला शस्त्रक्रिया व्हायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काहीच कारण नाही. अडतीस वर्षे मीही नापास मुलांच्या आयांना हेच सांगत आले. सबब हा कागद.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांनी एक छापील नमुना दिला होता. त्यात स्थावर होते, जंगम होते, पण बोलायला जागा नव्हती. म्हणून कलमांची चौकट त्यांची ठेवली आहे आणि आतला मजकूर माझा आहे. वकिलांनी नाक मुरडले तरी हरकत नाही, त्यांना पाढे मीच शिकवले आहेत.

कलम १. वारस. मला मूलबाळ नाही. जवळचे म्हणावे असे दोघे: धाकटा भाऊ आल्हाद, वय चोपन्न, आणि त्याची मुलगी मृणाली, वय पंचवीस. वडील गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि आल्हाद बारा वर्षांचा. आई अंथरुणाला खिळलेली. मी शाळेत नोकरी धरली आणि आल्हादला शिकवले, याची मला खंत नाही, तो चांगला शिकला. पण गेली तीस वर्षे प्रत्येक लग्नकार्यात कोणी माझ्याकडे पाहून हळूच काही विचारले की आल्हाद मोठ्याने सांगतो, "आमच्या ताईला लग्नाची आवडच नव्हती." माझ्या माघारी हे वाक्य कोणीही उच्चारू नये. आल्हाद, तुला दुखवायला हे लिहीत नाही. पण तू मला एकदाही विचारले नाहीस, याची कुठेतरी नोंद हवी.

कलम २. राहते घर, दोन खोल्या व मागचा सज्जा, माझ्या स्वतःच्या कमाईचे, ते मी मृणालीला देत आहे. ती कोणाशी लग्न करते, कधी करते, करते की नाही, यांपैकी कशाशीही या घराचा संबंध नाही. सज्ज्यासमोर रज्जाक शेठच्या यंत्रमागांचे शेड आहे. खटखटीची सवय व्हायला महिनाभर लागतो, आणि मग ती थांबली की चुकल्यासारखे होते. तुळशीला पाणी बेताने घालावे.

कलम ३. बँकेतली ठेव: दवाखान्याचे व क्रियाकर्माचे भागवून जे उरेल ते शाळेच्या ग्रंथालयाला, बालवाङ्मयासाठीच. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या पंख्यासाठी नव्हे, हे मुद्दाम लिहिते. वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ आल्हादला. पाच लिटरचा कुकर त्याच्या बायकोने एकोणनव्वद साली दोन दिवसांसाठी नेला होता, तो आता तिचाच समजावा. घरकामाला येणाऱ्या कमळला गॅसची शेगडी, मिक्सर आणि माझी अंजिरी पैठणी. ती पैठणी मी एकदाच नेसले आहे. केव्हा, ते पुढे येईल.

कलम ४. सागवानी पेटी. चांगदेव सुताराने १९६९ साली बनवलेली, बारा खणांची, पितळी कड्यांची. गावाला हिची माहिती आहे, पण मृत्युपत्र वाचणारा परका असेल तर त्याच्यासाठी लिहिते. आमच्या वाचनालयाच्या माडीवर मी पस्तीस वर्षे वधूवर सूचक केंद्र चालवले. मोबदला घेतला नाही. मुलाचे कार्ड निळे, मुलीचे गुलाबी. नाव, उंची, रंग, शिक्षण, पत्रिका, आणि शेवटी "अपेक्षा". मागायला येणाऱ्याला एका वेळी तीन कार्डे द्यायची आणि त्याने ती तीन दिवसांत परत करायची. लग्न ठरले की दोन्ही कार्डांवर "जमले" असा शिक्का मारून ती खालच्या खणात ठेवायची. दोनशे बारा जोड्या खालच्या खणात गेल्या.

बोलणी शुक्रवारी होत. इतर दिवशी शेजारच्या मागांमुळे ओरडून बोलावे लागे, आणि "मुलीच्या चष्म्याचा नंबर किती?" हे ओरडून विचारणे बरे दिसत नाही. शुक्रवारी वीज बंद, माग बंद. भिवंडीत नाजूक गोष्ट बोलायची तर शुक्रवार गाठावा लागतो.

मी केंद्र सुरू केले तेव्हा चोवीस वर्षांची होते. बिनलग्नाची मुलगी दुसऱ्यांची लग्ने जुळवते म्हटल्यावर गावाने बोटे मोडलीच. "स्वतःसाठी आधी बघून ठेवत असेल," असे दोघी-तिघी माझ्या देखत म्हणाल्या. त्यांची तोंडे बंद करायला मी नियमावलीत सहावा नियम स्वतःच्या हाताने लिहिला: केंद्राचे काम पाहणाऱ्याने स्वतःचे कार्ड पेटीत घालू नये. सगळ्यांनी कौतुक केले. अध्यक्षांनी तर सभेत टाळ्या वाजवायला लावल्या.

पेटी मृणालीने घ्यावी, तिच्यात मसाले ठेवले तरी चालेल. कार्डे मात्र जाळावीत. लोकांच्या लेकींची उंची आणि रंग रद्दीवाल्याच्या हाती पडू नयेत.

कलम ५. हे मृत्युपत्र ज्या कारणाने एवढे लांबले ते कारण. मृणाली मानकोलीला एका गोदामाच्या कार्यालयात कामाला आहे. तिथेच ट्रकांची ने-आण पाहणारा कुणाल तरे तिला भेटला. मुलगा वळ गावचा, आगरी समाजातला, सरळ, डोळ्याला डोळा देऊन बोलणारा. दोघांचे दोन वर्षांपासून आहे. आल्हादला ते मान्य नाही. गणपतीच्या आधी कुणालचे आजोबा तुळशीराम तरे स्वतः माझ्याकडे आले. खुर्चीवर बसेनात, जमिनीवरच बसले. म्हणाले, "बाय, आमचे पोराला तुमची पोर पसंत हाय. आमाला पन हाय. आमी जात न्हाय बगत, पोरीचा सभाव बगतो. आथा तुमी काय तं बोला, मंजे आमी पुढचा बगू." मी त्यांना चहा दिला आणि विचार करून सांगते म्हणाले. पस्तीस वर्षे मुलीकडच्यांच्या तोंडून जे उत्तर ऐकून मी वैतागत आले, तेच मी त्या म्हाताऱ्या माणसाला दिले.

आल्हादने सगळे माझ्यावर सोपवले. "ताईने दोनशे लग्नं जमवली, ती म्हणेल ते," असे म्हणून मोकळा झाला. मग एका संध्याकाळी मृणाली आली. चप्पलही न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, एकच विचारते, खरं सांग. ठरवून केलेलं लग्न प्रेमाच्या लग्नाइतकं सुखाचं होतं?"

मी म्हणाले, होते. आणि उदाहरण दिले चिंतामणी आणि यामिनी फणसे यांचे. मृणालीने त्यांचे घर लहानपणापासून पाहिलेले आहे. दुसऱ्या दिवशी ती आल्हादने पाहून ठेवलेल्या पुण्याच्या मुलाला भेटायला तयार झाली.

मी खोटे बोलले नव्हते. पण अर्धेच बोलले होते. उरलेले अर्धे आता लिहिते. ते मी आजवर कोणापाशीही बोललेले नाही.

कलम ६. चिंतामणी गजानन फणसे, हल्ली वय चौसष्ट, भिवंडीच्या कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. एकोणसत्तरपासून ते रोज संध्याकाळी सहा वाजता वाचनालयात येत. ओली छत्री बाहेर ठेवत, पेपर वाचून झाला की घडी घालून ठेवत. घडी घालून ठेवणारा तो एकमेव सभासद होता. कधी माडीवर येऊन म्हणत, "सुनीतीबाई, दिवा लावू का?" गावभर मी ताई होते. बाई म्हणणारा हा एकटा. आमचे बोलणे दिवा, पाऊस आणि पुस्तके यांच्यापलीकडे गेले नाही. दोन वर्षे मी सहाची वाट पाहत असे.

१९७१ च्या कार्तिकात ते माडीवर आले आणि उभ्यानेच म्हणाले, "आईने पाठवलंय. स्थळं हवीत."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठीच."

मी निळे कार्ड काढले. अपेक्षा काय लिहू, म्हणून विचारले. ते म्हणाले, "तुम्ही ओळखता मला. तुम्हाला योग्य वाटतील ती द्या."

त्याच्या आदल्या महिन्यात मी एक गुलाबी कार्ड भरून ठेवले होते. सुनीती यशवंत खोपकर. पाच फूट एक इंच. अपेक्षा: रोज सहाला वाचनालयात येणारा. ते कार्ड माझ्या टेबलाच्या खणात होते, पेटीपासून हातभर अंतरावर. पण सहावा नियम होता. आणि एखादी मुलगी स्वतः होऊन आपले कार्ड पुढे करते हे तेव्हा मी ऐकलेही नव्हते. मी पेटीतली तीन कार्डे दिली. वाईट देता आली असती. मनात आलेही. पण सर्वांत वर मी मुरबाडच्या यामिनीचे कार्ड ठेवले. एकशे चाळीस मुलींत तिच्यासारखी दुसरी नव्हती.

ते कार्डे घेऊन गेले. तीन दिवसांचे अकरा दिवस झाले, मध्ये दोन शुक्रवार येऊन गेले. रोज येत, माडीवर बसत, पेपर वाचत. दुसऱ्या शुक्रवारी, माग बंद असताना, हळूच म्हणाले, "अजून एखादं स्थळ आहे का?" मला राग आला. इतकी चांगली तीन दिली तरी या माणसाला आणखी हवेत! मी म्हणाले, "हावरटपणा बरा नव्हे, फणसे. कार्डं आधी परत करा." दोन दिवसांनी त्यांनी कार्डे आणली. आईला ताप होता म्हणून उशीर झाला, असे सांगितले आणि यामिनीच्या कार्डावर बोट ठेवले. लग्नाला मी अंजिरी पैठणी नेसून गेले होते. अक्षता टाकल्या, दोन वेळा जिलबी घेतली, आणि घरी येऊन कार्डांवर शिक्का मारला.

कलम ७. त्यांचा संसार. याबद्दल मी शपथेवर लिहिते, कारण तेहतीस वर्षे दर रविवारी मी त्या घरी जेवले. यामिनी मला स्वतः येऊन घेऊन जात असे. ती पोळ्या लाटायची आणि चिंतामणी ओट्याजवळ स्टुलावर बसून तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. लसूण तेच सोलत. पंख्यावरून भांडायचे आणि भांडण अर्धे टाकून बाजारात जायचे. तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा महिनाभर त्यांनी घड्याळ लावून तिच्या डोळ्यांत औषध घातले. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना मोजून वीस मिनिटे पाहिले होते, तेही मुलीच्या काकांच्या समक्ष. तरी मी पाहिलेले सर्वांत सुखी घर तेच. ते घर मी जमवले. मला त्याचा अभिमान आहे, आणि रविवारी संध्याकाळी परत येताना दर वेळी नवा त्रासही झाला. यामिनी माझी जिवाभावाची मैत्रीण होती. मी तिचा हेवा केला आणि तिच्यावर माया केली, दोन्ही एकाच ताटावर बसून.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "ह्यांना सांगून ठेवलंय, रविवारचं दुसरं ताट बंद करायचं नाही." तेव्हापासून रविवारी चिंतामणी डबा घेऊन इकडे येतात. भात त्यांचा, आमटी माझी. गेल्या रविवारी दिवाळीच्या फराळाची ताटली पुढ्यात घेऊन म्हणाले, "तुम्ही दिलेल्या त्या कार्डाने मला काही कमी पडू दिलं नाही. प्रेमात पडून लग्न केलेल्यांना याहून वेगळं काय मिळत असेल?" मी आमटी ढवळत राहिले. मला काय विचारता, असे ओठावर आले होते.

सबब येथे जाहीर करते, की चिंतामणी फणसे यांच्यावर माझे प्रेम होते व आहे. सदर प्रेम वडिलोपार्जित नसून स्वकष्टार्जित आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क, हिस्सा अगर हितसंबंध नाही. ते मी कोठेही गहाण टाकलेले नाही, कोणाला दिलेले नाही.

कलम ८. मृणालीसाठी. तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर अजूनही होकाराचेच आहे. ठरवलेल्या लग्नात माणसे सुखी होतात. खूप सुखी होतात, मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण तू ते विचारायला नको होतेस आणि मी सांगायला नको होते. त्या सुखी घरात रविवारी एक तिसरे माणूस जेवत होते, त्याला काय वाटत होते हे तू पाहिले नाहीस. पुण्याचा मुलगा चांगलाच असेल. त्याच्याशी तुझा संसारही चांगला होईल. आणि मानकोलीच्या नाक्यावरून जाताना प्रत्येक ट्रककडे तू आयुष्यभर पाहत राहशील. तुला कुणाल हवा असेल तर ते स्वतःच्या तोंडाने सांग. कोणी विचारेल म्हणून थांबू नकोस. नियम कोणी केले ते बघ, बहुतेक वेळा आपणच केलेले असतात.

इथवर लिहिल्यावर लक्षात आले, की हे कलम माझ्या मरणापर्यंत थांबवण्यात शहाणपण नाही. तोवर पुण्याचे साखरपुड्यापर्यंत यायचे. म्हणून उठले आणि फोन केला. मृणाली आधी रडली, मग म्हणाली, "आत्या, बाबांना तू सांगशील?" मी म्हणाले, तू सांग, मी शेजारी बसते. नंतर वळ गावी तुळशीराम तऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "बाय, इतकं दीस लावलंस! मना वाटला, तू न्हाय बोलतंस का काय." त्यांची माफी मागितली. कलम आता निरुपयोगी झाले आहे, पण खोडत नाही.

कलम ९. चिंतामणी फणसे यांना मी काहीही देत नाही. यावर पुष्कळ विचार केला. वाचनालयातली त्यांची खुर्ची लिलावात मी घेतली होती, ती द्यावी असे मनात होते. पण वकील म्हणाले, की जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्राने काही मिळू शकत नाही. म्हणजे एक तर खुर्ची द्यायची, नाहीतर सही घ्यायची. मी सही घेते आहे. लग्नाच्या कागदावर दोघांच्या सह्या एकाखाली एक असतात. तसा कागद मला मिळाला नाही. हा तरी मिळो.

साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते. त्याने फक्त सही होताना पाहायचे. मजकूर कोऱ्या कागदाने झाका, असे वकील म्हणाले. शिवाय चिंतामणींचे आयुष्य कोर्टात गेले, ते दुसऱ्याच्या कागदाकडे नजरसुद्धा टाकत नाहीत. खिडकीबाहेर पाहतील आणि सही करतील. तरीही मी झाकणार नाही. आज शुक्रवार आहे, माग बंद आहेत. दुसऱ्या साक्षीदार डॉक्टरीण केणेबाई, त्यांना दवाखाना गाठायचा असतो, त्या सही करून निघतील. मग मी सगळी पाने टेबलावर रचून, कलम सहाचे पान वर ठेवून, आत चहा करायला जाईन. मला चहाला दहा मिनिटे लागतात. आज वीस लावीन. ते गुलाबी कार्ड परिशिष्ट म्हणून टाचणीने जोडले आहे. छत्तीस वर्षांत कडा पिवळ्या पडल्या आहेत, पण अक्षर वाचता येते.

वाचायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे. त्यांनी वाचले नाही तर मंगळवारी मी तशीच जाईन. आजवर जशी राहिले तशीच. पण या वेळी कार्ड खणात नव्हते, एवढे मला माहीत असेल.

येणेप्रमाणे मृत्युपत्र, माझ्या मनाप्रमाणे लिहिलेले, वाचून पाहून, दोन ठिकाणी डोळे पुसून, पुरे केले.

ठिकाण: कासार आळी, भिवंडी
दिनांक: १६ नोव्हेंबर २००७, शुक्रवार

लिहून ठेवणार:
सुनीती यशवंत खोपकर (सही)

साक्षीदार १:
डॉ. निशा केणे, कामतघर, भिवंडी (सही)
सुनीतीबाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर व समजून-उमजून वागत आहेत. नाडी थोडी जलद आहे.

साक्षीदार २:
चिंतामणी गजानन फणसे, ब्राह्मण आळी, भिवंडी (सही)
लिहून ठेवणार यांनी माझ्यासमक्ष सही केली. मजकूर वाचला. यामिनीविषयी लिहिले आहे ते सर्व बरोबर आहे. कलम ६ मध्ये एक चूक आहे ती दुरुस्त व्हावी: आईला ताप नव्हता. अकरा दिवस मी चौथ्या कार्डाची वाट पाहत होतो. परिशिष्टातील कार्ड नेत आहे. तीन दिवसांत परत करण्याचा नियम मला ठाऊक आहे. या खेपेसही तो पाळणार नाही.